जुना सॅम्पलर भर नाटकात हँग होऊ नये म्हणून

जत्रेतलं नाटक पालखी झाल्यावर उभं राहतं, म्हणजे रात्री बाराच्या पुढेच. दुसऱ्या अंकात गडगडाट, त्यावर शंख, आणि खाली तंबोऱ्याचा षड्ज चालू ठेवायचा, एवढंच माझं काम होतं. गडगडाट वाजला. शंखाच्या पॅडवर बोट मारलं तर काहीच नाही. पडद्यावरचा आकडा थांबलेला, कुठलंही बटण घेत नाही, आणि तंबोऱ्याचा तो एकच सूर मात्र स्पीकरमधून अखंड येतोय. विंगेतून मामांनी विचारलं, "कितें जालें रे?" (गोव्यात फोंड्याकडे रंगमंचावर मराठी आणि पडद्यामागे कोकणी, हे ठरलेलंच.) म्हटलं, "मामा, हँग जालो." मामा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "कोण? तूं?"

यंत्र होतं आकाईचं एमपीसी २००० एक्सएल, म्हणजे मुद्रित केलेले आवाज पॅडवर बोट मारून वाजवणारा सॅम्पलर, १९९९ सालचं मॉडेल. १६ पॅड, ३२ आवाज एका वेळी, फ्लॉपी ड्राइव्ह आणि मागे स्कझीचं (बाहेरची डिस्क जोडायचं) पोर्ट. त्या रात्रीनंतर मी दोन हंगाम त्याच्यामागे लागलो. शेवटी जे निघालं त्यात यंत्राच्या सॉफ्टवेअरचा दोष अगदी थोडा होता. बाकी सगळं वीज, ओल आणि माझ्याच सवयी. खाली सांगतोय ती पद्धत एमपीसीवर बेतलेली आहे, पण त्याच काळातले आकाईचे रॅकवाले एस सिरीज, एन्सॉनिक, ई-म्यू, रोलँड यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी वही, मग स्क्रूड्रायव्हर

हँग झाला की लगेच झाकण उघडू नका. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहा: चालू करून किती वेळ झाला होता, नेमकं काय करत होतो, काय काय जोडलेलं होतं, आणि आसपास विजेवर दुसरं काय चालू-बंद झालं. सात-आठ नोंदी झाल्या की ठसा दिसायला लागतो.

दर वेळी तीच फाइल उघडताना अडकत असेल तर फाइल किंवा डिस्क खराब. दर वेळी तेच काम करताना (समजा, सिक्वेन्स, म्हणजे आधी बसवून ठेवलेला आवाजांचा क्रम, वाजत असताना सॅम्पल कापणं) अडकत असेल तर तो ऑपरेटिंग सिस्टीमचा बग, आणि त्यावर औषध एकच: ते काम थांबवून करायचं. थंड असताना ठीक आणि अर्ध्या-पाऊण तासाने अडकतो, तर उष्णता किंवा पॉवर सप्लाय. टेबलाला धक्का लागला की अडकतो, तर आतला कुठलातरी कॉन्टॅक्ट सैल. फक्त मिडीची (कीबोर्डकडून सुरांचे संदेश आणणारी) वायर लावलेली असतानाच अडकतो, तर यंत्राला हातही लावू नका, दोष बाहेर आहे. आणि ज्यात काहीच सूत्र सापडत नाही, कधीही, कुठेही, ते बहुतेक वेळा मेमरीचं किंवा विजेचं असतं.

माझ्या वहीत नऊपैकी पाच नोंदींपुढे "पडदा पडला / उघडला" असं लिहिलेलं निघालं. पडद्याची मोटर नाही हो, आम्ही हातानेच ओढतो. पण पडदा उघडताना लाइटवाला सगळे दिवे एकदम चढवतो. तिथून मला पहिला धागा मिळाला.

वीज

सुरुवात यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचण्यापासून करा. वापरलेले सॅम्पलर आपल्याकडे बाहेरून येतात, कोणी बोटीवरून आणतं, कोणी किनाऱ्यावरच्या पार्ट्यांसाठी आलेला परदेशी जाताना विकून जातो. जपानी यंत्र १०० व्होल्टचं, अमेरिकन १२० चं. ते आपल्या २३० वर थेट लावलं तर हँग होण्याची पाळीच येणार नाही. त्यांना स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही यंत्राच्या वॅटेजपेक्षा दुप्पट क्षमतेचा घ्या.

२३० चं यंत्र असलं तरी मांडवात २३० मिळतातच असं नाही. लांबलचक केबल, त्यावरच अँप, त्यावरच हॅलोजन. मी एकदा विंगेतल्या बोर्डावर मल्टिमीटर लावून बसलो. दिवे मंद असताना २१८, सगळे चढवल्यावर १७४. पॉवर सप्लाय जुना असेल तर एवढ्या खाली आतले ५ व्होल्ट डगमगतात, आणि डिजिटल सर्किटला ५ व्होल्ट म्हणजे ४.७५ ते ५.२५ च्या आतच लागतात. क्षणभर खाली गेले की प्रोसेसरची पावलं चुकतात. यंत्र बंद पडत नाही, नुसतं भलत्याच जागी जाऊन अडकून बसतं.

उपाय स्वस्त आहे. कॉम्प्युटरला लावतो तो छोटा यूपीएस घ्या, शक्यतो व्होल्टेज सांभाळणारा, म्हणजे लाइन-इंटरॅक्टिव्ह. त्यावर फक्त सॅम्पलर आणि त्याची बाहेरची डिस्क लावा. मोह होतो, पण मिक्सर, अँप, मोबाइलचा चार्जर यातलं काहीही त्यावर नको. लाइन जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची मधली मिनिटंही त्यात निभावतात. बॅटरीवर गेल्यावर ट्रान्सफॉर्मर जोरात गुणगुणायला लागला तर त्या यूपीएसची वेव्ह फार खडबडीत आहे, दुसरा बघा.

अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग प्रत्येक मंडळात असतात. घरघर घालवायची असेल तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सॅम्पलर आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारी छोटी पेटी) घाला. अर्थिंग जागेवर राहू द्या. पावसात भिजलेल्या मांडवात तर नक्कीच.

यूपीएस लावूनही तापल्यावर अडकत असेल तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असणार. पंचवीस वर्षं झाली त्यांना. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे, आणि आपला मे महिना काही सौम्य नसतो. हे काम मात्र टीव्ही-अँप दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्या. स्विचिंग सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतं. जाणकाराला दोनच गोष्टी सांगा: ५ व्होल्टची लाइन लोडवर मोज, आणि त्यावर एसी रिपल (डीसीत उरलेली एसीची लहर) किती आहे ते बघ. कपॅसिटर बदलताना १०५ अंशांचे घाल म्हणावं, ८५ चे नकोत.

ओल आणि मीठ

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चार महिने यंत्र कपाटात ठेवलं आणि चवथीला घुमट (मडक्यावर कातडं ताणलेलं वाद्य) आरतीसाठी बाहेर काढलं, की हमखास रडतं. घुमटाचं कातडं पावसात सैल पडतं आणि उन्हात तापवलं की पुन्हा बोलतं. सॅम्पलरचं दुर्दैव असं की त्याला उन्हात ठेवता येत नाही.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतल्या उष्णतेने ओल हटते, कपॅसिटरही जागते राहतात. उरलेला वेळ झाकणाच्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलबरोबर. निळं जेल गुलाबी झालं की ते भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की पुन्हा निळं होतं. (जेवणाच्या ओव्हनमध्ये नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.) तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला मला तीन जणांनी दिला. तांदळाचं पीठ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेलं की काय होतं ते त्या तिघांना माहीत नव्हतं.

एसी गाडीतून उतरवून लगेच चालू करू नका. थंड यंत्रावर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी धरतं, थंडगार बाटलीवर धरतं तसंच, आणि ते आतल्या बोर्डावरही धरतं. मांडवात पोचल्यावर पेटी उघडून तासभर तसंच राहू द्या.

समुद्राजवळ राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या हवेतलं मीठ कॉन्टॅक्टवर बसतं आणि ते स्वतः ओल ओढत राहतं. सगळे जण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात, पण अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून सुटा काढलेला भाग आधी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या कापडाने पुसायचा, मग अल्कोहोलने, म्हणजे पाणी निघून जातं. नळाचं पाणी चालणार नाही.

मेमरीच्या पट्ट्या

माझ्या यंत्रातले सूत्र नसलेले हँग इथे सापडले. एमपीसीत मूळ २ मेगाबाइट मेमरी येते आणि ७२ पिनांच्या सिम पट्ट्या घालून ती ३२ पर्यंत वाढते (फोनच्या सिमशी यांचा काही संबंध नाही). या पट्ट्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेल्या असतात. काहींच्या पिनांवर सोन्याचा मुलामा, काहींवर कथील. खाचेतल्या पिना एका धातूच्या आणि पट्टीच्या दुसऱ्या, असं झालं की वर्षानुवर्षांच्या थरथरीने आणि ओलीने त्यांच्यामध्ये ऑक्साइडचा पातळ थर बसतो. डोळ्यांना तो दिसत नाही. यंत्राला दिसतो.

काम असं करायचं. प्लग काढा, दहा मिनिटं थांबा. झाकण उघडण्याआधी रिबन केबल कुठून कुठे जातात त्याचे फोटो घ्या. केसिंगच्या उघड्या धातूला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. पावसाळ्यात ती फारशी नसते, पण एसी खोलीत असते. पट्टीच्या दोन्ही टोकांची चिमटी अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला एकाच वेळी सरकवा, पट्टी आपोआप तिरकी पुढे येते. तिरकी आली की वर ओढा. सरळ ओढाल तर खाचेची प्लास्टिकची कड तुटेल, आणि तशी खाच आज सहज मिळत नाही.

पिना पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि धागे न सोडणारं कापड. खोडरबराचा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो फक्त काळ्या पडलेल्या कथलाच्या पिनांवर वापरतो, सोन्यावर कधीच नाही, कारण मुलामा फार पातळ असतो. नंतर रबराचा चुरा झटकायचा. खाचेत काडी घालू नका. अल्कोहोल लावलेली पट्टीच दोन-तीनदा बसवून काढली की आतल्या पिनाही घासल्या जातात. शेवटी पट्टी तिरकी घालून उभी करा. दोन्ही चिमट्यांचा "टक" असा आवाज यायला हवा. एकच आला तर पुन्हा.

दोन पट्ट्या असतील तर सारख्याच क्षमतेच्या घ्या, जमलं तर एकाच बनावटीच्या. मग परीक्षा: एक पट्टी काढून ठेवा, मेमरी काठोकाठ भरा, सिक्वेन्स लूपवर टाकून दोन तास वाजू द्या. मग दुसरी पट्टी घालून तेच. माझी एक पट्टी चाळिसाव्या मिनिटाला मेली, दर वेळी. ती आता मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवली आहे.

झाकण उघडंच आहे तर बोर्डावरची लिथियम बॅटरीही मोजून घ्या. ३ व्होल्टची असते, २.७ च्या खाली गेली असेल तर बदला. सॉकेटमध्ये बसवलेल्या चिप्स बोटाने हलक्या दाबून बघा. एखादी किंचित खाली गेली तर तीही उठलेली होती.

जागा किती लागते हे आधी काढा

मेमरी गच्च भरलेली असताना सॅम्पल कापणं, ताणणं, नक्कल करणं म्हणजे संकटाला आमंत्रण. या कामांना तात्पुरती मोकळी जागा लागते आणि जुन्या यंत्रांना ती नसली तर नीट नाही म्हणता येतंच असं नाही.

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला १० मेगाबाइटच्या आसपास. ३२ मेगाबाइट भरून तीन मिनिटंच मिळतात. मोनो केलं की सहा. गडगडाट, शंख, घोड्यांच्या टापा, दाराची कडी, हे स्टिरिओत घेण्यात काहीही अर्थ नाही. मांडवातले दोन्ही भोंगे तसेही एकच वाजवतात. घुमटाचा ठोका मोनोत घ्या, पण त्याची शेपटी कापू नका. २०१९ मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालेलं वाद्य आहे ते, निदान घुमू तरी द्या. मी दहावा हिस्सा मेमरी नेहमी मोकळी ठेवतो आणि सगळी कापाकापी घरी कॉम्प्युटरवर करून घेतो.

फ्लॉपी, झिप आणि स्कझी

आपल्या हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते. पत्र्याची सरकपट्टी बाजूला करून तबकडी उजेडात फिरवा. राखाडी ठिपके किंवा धुरकट वर्तुळं दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडवर चिकटते आणि नंतरच्या चांगल्या फ्लॉपीही ओरखडते. त्यात मोलाचं काही असेल तर आधी साफ करून, टाकाऊ ड्राइव्हवर कॉपी काढा.

३२ मेगाबाइटला १.४४ च्या २३ फ्लॉपी लागतील. त्यातली सतरावी खराब निघाली की यंत्र वाचायचा प्रयत्न करत तिथेच बसतं, आणि लोक म्हणतात सॅम्पलर हँग झाला. म्हणून फ्लॉपीच्या जागी गोटेक (पेन ड्राइव्हलाच फ्लॉपी भासवणारा ड्राइव्ह) बसवलेला उत्तम. फ्लॉपी ड्राइव्हचीच ३४ पिनांची रिबन त्याला लागते, पेन ड्राइव्ह घालायचा, फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर (गोटेकच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकायचं. रिबन उलटी लागली तर त्याचा दिवा सतत जळत राहतो. घाबरू नका, सरळ करा. एमपीसीची फ्लॉपी डॉस पद्धतीची असल्याने कॉम्प्युटरवर सहज वाचता येते. एस १००० सारख्या रॅकवाल्यांच्या ८०० किलोबाइट आणि १.६ मेगाबाइटच्या फ्लॉपी मात्र साध्या यूएसबी ड्राइव्हला कळत नाहीत.

झिप ड्राइव्ह (फ्लॉपीसारख्याच, पण जास्त जागेच्या डिस्कचा) टकटक वाजायला लागला तर ती डिस्क "बघू तरी" म्हणून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका. फाटलेली कड दुसऱ्याचंही हेड घेऊन जाते.

स्कझी लावणार असाल (आज बहुतेक जण ब्लूस्कझी, झुलूस्कझी किंवा स्कझी२एसडी यातलं एखादं कार्ड लावतात) तर नियम थोडेच, पण कडक. साखळीतल्या प्रत्येकाचा आयडी वेगळा, सॅम्पलरचा स्वतःचाही त्यात धरून. टर्मिनेशन (टोकाला संदेश परत उसळू न देणारा जोड) साखळीच्या दोन टोकांनाच, मध्ये कुठेही नाही. केबल जितकी आखूड तितकी बरी. चालू असताना काढ-घाल अजिबात नाही. आधी डिस्क चालू करायची, ती स्थिरावली की सॅम्पलर. कार्ड कधी दिसतं, कधी दिसत नाही असं झालं तर त्याला स्कझीच्या केबलमधून पुरेशी वीज मिळत नाही; वेगळे ५ व्होल्ट द्या.

मिडी

मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर दाबल्याचा संदेश जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. कीबोर्डवर आफ्टरटच (दाबून धरलेल्या पट्टीवरचा जोर कळवणं) चालू असेल तर एका दाबलेल्या बोटामागे संदेशांचा लोंढा येतो. सॅम्पलरला जे नको ते कीबोर्डवरच बंद करा. आणि आउट फिरून इनमध्ये परत येत नाही ना, ते वायर हाताने चाचपून बघा. सॉफ्ट थ्रू (आलेला संदेश तसाच पुढे पाठवणं) चालू असला की संदेश गोल गोल फिरत राहतो आणि यंत्र गुदमरतं.

प्रयोगाच्या दिवशी

सॅम्पलर बंद झाला की त्याची मेमरी कोरी. एमपीसीवर सिक्वेन्स वेगळे सेव्ह होतात (ऑल फाइल) आणि प्रोग्रॅम-सॅम्पल वेगळे (एपीएस). नवखा माणूस एकच करतो आणि दुसऱ्या दिवशी मुके पॅड घेऊन बसतो. दोन्ही करा, मग यंत्र बंद करून, पुन्हा चालू करून लोड करून बघा. लोड करून न बघितलेली कॉपी मी मोजत नाही.

सिक्वेन्स चालू असताना डिस्कच्या पानावर जाऊ नका. अंक चालू असताना एडिटच्या पानावर जाऊ नका. मागे येणारी "जरा हा आवाज वाढव ना" ही विनंती मिक्सरवर पूर्ण करा. यंत्राच्या वरच्या बाजूला दिवा नको, खाली अँप नको, हवेची भोकं मोकळी.

एवढं करूनही अडकलाच तर हाताची पावलं पाठ हवीत. आधी मिक्सरवर त्याचा फेडर खाली, म्हणजे अडकलेला सूर प्रेक्षकांपर्यंत जात नाही. मग फोनवरून शंख आणि गडगडाट, ते दोन आवाज मी कायम मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलवर जोडून ठेवतो. मग सॅम्पलर बंद, मनात दहा आकडे, चालू, लोड. घरी घड्याळ लावून हा वेळ मोजा आणि यंत्राच्या कडेला चिकटपट्टीवर लिहा. माझा १ मिनिट ५० सेकंद येतो. तालमीत मामांना तेवढा आकडा सांगितला. त्यांनी दुसऱ्या अंकात नारदाचं एक जास्तीचं पद बसवून ठेवलंय, बरोबर १ मिनिट ५० सेकंदांचं.